चार पंजे आणि एक बंद मूठ

बायडाबाई भालेरावला पेन्शन हवी होती ती ताटासाठी. आयत्या ताटासाठी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक उगाच म्हातारपण, दुखणी, सुनेचे टोमणे असले सुस्कारे टाकत बसतात. तिला सून नव्हती, मूलबाळ नव्हतं आणि आजारी पडायला सवड नव्हती. अवसरी खुर्दला कॉलेजच्या रस्त्यावर तिची खानावळ होती. बेचाळीस पोरं, दोन वेळा, प्रत्येकी चार चपात्या. चारच्या पाच झाल्या तर ती डोळे वटारायची आणि सहावी स्वतःहून वाढायची.

त्याआधी मंचरला कांद्या-बटाट्याच्या बाजाराशेजारी तिनं ट्रक ड्रायव्हर आणि हमाल जेवू घातले. १९९१ साली पहिली चूल पेटवली, आणि आता २००९ साल उजाडलं होतं. अठरा वर्षं! या अठरा वर्षांत तिच्यापुढं कुणी ताट वाढून ठेवलं नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर परातीतच उरलंसुरलं कालवायचं आणि उभ्या उभ्या खायचं. लग्नाला गेली तरी मांडवात शिरल्या शिरल्या कुणीतरी तिच्या हातात आमटीची बादली द्यायचं. "बायडाबाई आली, आता पंगत उरकती," म्हणायचं. तिला अंगावरची नवी साडी दिसायची, लोकांना नुसती वाढपी दिसायची.

तर त्या उन्हाळ्यात, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तिनं नवऱ्याला जाहीर केलं, "साठ झाली की दर म्हैन्याच्या एक तारखंला चूल बंद. तू आन् मी मंचरच्या हाटेलात जायचं. पंख्याखाली बसायचं. दुसऱ्यानं केल्यालं, दुसऱ्यानं वाढल्यालं खायचं. आन् वाढप्याला म्हनायचं, आनखी आन!"

नवरा सोमनाथ लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. लग्नसराईत राजा, एरवी कांदे चिरायला. तो म्हणाला, "पैसं?"

"पेन्शनीतनं."

"पेन्शन सरकारी मान्साला आसती, बाये. क्लॅरनेटला कोन पेन्शन देतंय?"

"मंग इकत घिऊ," बायडाबाई म्हणाली, जसं काही मंचरला वांग्याशेजारी पेन्शनचे वाटे लावलेले असतात.

गंमत म्हणजे पेन्शन खरंच विकत मिळत होती, आणि विकणारा घरातलाच होता. राकेश. सोमनाथच्या बहिणीचा, सारजाबाईचा मुलगा. वय तिशीचं, मोटारसायकल, मे महिन्यातही गळ्यात टाय, आणि खिशाला तीन पेनं. त्यातलं एक चालायचं. मामीला पेन्शन हवी आहे असं कानावर पडायचा अवकाश, तिसऱ्या दिवशी दुपारी तो खानावळीच्या ओट्यावर हजर. हातात चकचकीत पुस्तिका: 'सांजवेळ पेन्शन योजना'. वर एक म्हातारा-म्हातारी झोपाळ्यावर बसून हसत होते. दोघांचेही दात फार पांढरे होते.

"मामी, वर्साला चोवीस हजार भरायचं. बारा वर्सं. साठीला पेन्शन चालू. म्हैन्याला पावणेतीन हजार तरी बसतील. बाजार हाय, थोडं खालीवर व्हनार. ह्यो फॉर्म. सगळा भरून आनलाय. तुमी फकस्त सही करा, चेक द्या, इसरून जा."

"आन् ह्यातनं कटतं किती?"

"कटतंय कुठं? काय बी न्हाई! माझं काय आसंल त्ये कंपनी देती."

"कंपनी कुठनं देती?"

"कंपनीकडं लई पैसा आस्तोय, मामी."

"त्यो कुनाचा?"

राकेशनं टाय सैल केला. बायडाबाई उठली, आतून पंच्यासारखा मोठा चौकटीचा रुमाल घेऊन आली आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

इथं तिच्या बापाबद्दल सांगावं लागेल, त्याला इलाज नाही.

महाळुंगे पडवळचा बहिरू. छप्पन सालापर्यंत त्याच्या घराण्याच्या वाट्याला गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. ज्या वर्षी धम्म घेतला त्या वर्षी बहिरूनं चावडीपुढं उभं राहून सांगितलं, "मेलं ढोर वढनार न्हाई. आता जिता बैल इकून दावतो." लोक हसले. हसोत. बहिरू दर सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजारात जाऊन उभा राहू लागला, आणि पाच-सहा वर्षांत त्या बाजारातला नावाजलेला दलाल झाला. लहानगी बायडा त्याच्याबरोबर जायची. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोन माणसं एका रुमालाखाली हात घालतात आणि बोटांनी बोलतात. एक बोट म्हणजे एक. बोटाचं एक पेर म्हणजे अर्धा. पूर्ण पंजा दाबला की पाच, दोनदा दाबला की दहा. आणि बंद मूठ पुढं केली तर काहीच नाही, शून्य. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो.

वर उजेडात ज्यांना बहिरूचा हात चालत नव्हता त्यांचीही बोटं रुमालाखाली त्याच्या बोटांत गुंतायची. बहिरूला याचं फार हसू यायचं. "रुमाल लई शाना," तो लेकीला म्हणायचा. आणि त्याचा नियम एकच: रुमालावर कितीबी थापा मार, रुमालाखाली खोटं न्हाई. खाली जो खोटं दाबेल त्याच्याशी पुन्हा बाजार नाही.

दलाली घ्यायचा, पण फुकटची नाही. बैलाचा ओठ वर करून दात बघायचा, खूर बघायचा, चालवून बघायचा, आणि आठ दिवसांत बैल लंगडला तर दलाली परत. "दात बघंल त्याची दलाली," हे त्याचं बोलणं. हे सगळं ऐकत वाढलेल्या बाईला राकेश सांगत होता की काहीच कटत नाही.

"घाल हात," बायडाबाई म्हणाली.

"मामी, आवं हे काय?"

"हितं बेचाळीस पोरं येत्यात-जात्यात. तुझ्या धंद्याचं चारचौघांत कशाला? खाली सांग. शंबरातलं किती कटतं? एक बोट एक, पंजा पाच. आन् खोटं दाबशील तर माझ्या बापाची आन."

राकेशनं इकडंतिकडं बघितलं आणि हात घातला. आता एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. राकेशच्या तळहाताला गुदगुल्या होत. बायडाबाईची बोटं लागली मात्र, टायसकट तो वाकडा झाला. "हीहीही, मामी, सोडा, हीही..."

"दाब!"

राकेशनं पंजा दाबला. बायडाबाईची एक भुवई वर गेली. दारात कांदा चिरत बसलेला सोमनाथ तिच्या तोंडाकडं बघत होता. रुमालाखालचं त्याला दिसत नव्हतं, पण बायकोच्या भुवया त्याला पंचवीस वर्षं वाचता येत होत्या. "पाच," तो पुटपुटला.

राकेशनं दुसऱ्यांदा पंजा दाबला. दुसरी भुवई. "धा."

तिसऱ्यांदा. आता राकेशच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हसून की भिऊन ते सांगता येत नव्हतं. "पंधरा," सोमनाथनं सुरी खाली ठेवली.

चौथ्यांदा. बायडाबाईच्या भुवया थेट केसांत गेल्या.

"ईस?" सोमनाथ ओरडला. "शंबरात ईस? आरं आमी वरातीत नाचनाऱ्यांकडनं बी एवढं घेत न्हाई!"

"फकस्त पयल्या वर्सी, मामा! हीही... मंग दरसाल एक पंजा. आन् त्ये समदं मला न्हाई, कंपनी बी ठिवती."

बायडाबाईनं हात बाहेर काढला आणि हिशेब सुरू केला. शाळा सातवीपर्यंतच, पण बेचाळीस पोरांचे खाडे तोंडपाठ ठेवणाऱ्या बाईला याला किती वेळ लागणार? पहिल्या वर्षी चोवीस हजारांतले चार हजार आठशे. मग अकरा वर्षं बाराशे, म्हणजे तेरा हजार दोनशे. एकूण अठरा हजार.

"अठरा हजार," ती म्हणाली. "एक बैल. म्या तुला आख्खा बैल द्यायचा आन् तू म्हंतोस काय बी कटत न्हाई?"

"मामी, बारा वर्सांत, थोडं थोडं..."

"थोडा थोडा बैल? आदी शेपटी, मंग शिंगं? बरं, हे अठरा हजार न कटता आत ऱ्हायलं, तर साठीला म्हैन्याची पेन्शन कितीनं वाढंल?"

राकेशनं मोबाइलवर बोटं नाचवली. "दोनशेच्या आसपास. किरकोळ हाय, मामी."

बायडाबाईनं रुमालाची घडी घातली. सोमनाथला वाटलं, शांत झाली. झाली नव्हती. दोनशे रुपये म्हणजे हायवेवरच्या हॉटेलात दोन ताटं, दोन ग्लास ताक आणि वर वाढप्याला पाच रुपये. म्हणजे बरोबर तेच! राकेशचा पंजा बाकी कशावर पडत नव्हता, नेमका तिच्या एक तारखेच्या ताटावर पडत होता. वीजबिल राहणार, औषध राहणार, रॉकेल राहणार, आणि ताट जाणार.

"फॉर्म हितं ठिव," ती म्हणाली. "आन् पुस्तक बी. बघते."

राकेश गेला. बायडाबाईनं सोमनाथचा चष्मा नाकावर चढवला आणि पुस्तिका वाचायला घेतली. बारा पानं. अक्षर मुंगीएवढं. अकराव्या पानावर एक तक्ता होता आणि त्याच्या बरोबर उजव्या अंगावर राकेशनं आपलं कार्ड पिना मारून लावलं होतं. नाव, फोन, तोच टायमधला फोटो. बायडाबाईला हसूच फुटलं. तिनं बैलाचा ओठ उचलावा तसं ते कार्ड अंगठ्यानं वर उचललं आणि खाली बघितलं.

खाली दात होते. म्हणजे आणखी एक रकाना. डावीकडं लिहिलं होतं 'प्रतिनिधीमार्फत', तिथं वीस आणि पाच. कार्डाखाली लिहिलं होतं 'थेट', तिथं शून्य आणि शून्य. सगळ्यांत खाली दोन्हीकडं सारखंच: वर्षाला दीड टक्का.

"खालचा दीड कळला," ती सोमनाथला म्हणाली. "ती वैरन. बैल कुनाकडनं बी घ्या, वैरन लागतीच. पर हे शून्य?"

"छापायचं ऱ्हायलं आसंल."

तिलाही संशय होताच. बापाचंच एक वाक्य आडवं येत होतं: बिनदलालीचा बैल लंगडा असतो. हे अर्थात दलालाचंच म्हणणं, पण बापाचं म्हणणं सहज पुसलं जात नाही. पंजा द्यायचा नाही, पण शून्यावर भरवसा ठेवून लंगडा बैल घरी आणायचा? सगळ्या संध्याकाळच्या चपात्या तिनं एका अंगानं जरा जास्तच भाजल्या. पोरांनी ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची पंगत उरकली आणि ती उठली. दलाल नको असेल तर आपण आपल्या पायानं मालकाकडं जायचं, झालं थेट. त्यात अवघड काय आहे? राकेशनं भरून ठेवलेला फॉर्म घेतला, बँकेचा चेक घेतला, रुमाल कमरेला खोचला आणि जीपनं मंचर गाठलं. सोमनाथ क्लॅरनेटची पेटी काखोटीला मारून बरोबर. दुपारी त्याची मंचरलाच हळदीची सुपारी होती.

कंपनीचं ऑफिस हायवेवर, खताच्या दुकानाच्या माथ्यावर. आत इतका गारवा की सोमनाथनं बँडची टोपी कानांवर ओढली. एक काउंटर, काउंटरमागं रविंद्र नावाचा चाळिशीतला कारकून, आणि भिंतीला लागून एक लांब सोफा. सोफ्यावर चार एजंट, चार टाय, चार वर्तमानपत्रं.

बायडाबाईनं फॉर्म काउंटरवर ठेवला आणि खानावळीतल्या आवाजात विचारलं, "सायेब, सोता येऊन घेतली तर कटत न्हाई म्हंत्यात. खरं का?"

चार वर्तमानपत्रं एकदम खाली आली.

रविंद्रनं सोफ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग छताकडं. त्याचं रोजचं बसणं-उठणं या चौघांबरोबर, दुपारचा चहासुद्धा त्यांच्याच पैशानं. "मावशी," तो घसा साफ करत म्हणाला, "एजंट असला की सेवा मिळते. घरी येतात. तारीख लक्षात ठेवतात."

"त्ये न्हाई इचारलं म्या."

"ते... असं एकदम सांगता येत नाही."

बायडाबाईला त्याचा राग आला नाही. उलट तिला एकदम घरच्यासारखं वाटलं. भरल्या बाजारात भाव तोंडानं कोण सांगतो? चूक तिचीच होती. तिनं कमरेचा रुमाल काढला, काचेच्या काउंटरवर नीट पसरला आणि त्याखाली आपला उजवा हात सरकवला.

सोफ्यावरचा एक एजंट दुसऱ्याला म्हणाला, "मावशीला चक्कर आली का रं?"

रविंद्र त्या रुमालाकडं बघत राहिला. हा माणूस आणे पठारावरचा, जुन्नर तालुक्यातला. त्याचे वडील दरसाल बेल्ह्याला बैल बदलायचे आणि हा लहानपणी कासरा धरून शेजारी उभा असायचा. त्याचे कान लाल झाले. "सोमवारचा बाजार?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"बहिरू दलालाची लेक मी."

रविंद्रनं शर्टाची बाही वर केली आणि हात रुमालाखाली घातला.

इकडं सोफा माना लांब करू लागला. एक एजंट उठून पाणी प्यायच्या निमित्तानं काउंटरकडं निघाला. सोमनाथनं ते बघितलं. बायकोचा सौदा चालू आहे एवढं त्याला कळत होतं. त्यानं पेटी उघडली, क्लॅरनेट जोडलं, "गारव्यानं पत्ती आखडली का बघतो जरा," म्हणाला आणि असा एक सणसणीत सूर काढला की पाण्याचा पेला निसटून एजंटच्या टायवर, आणि खालच्या खताच्या दुकानातला माणूस रस्त्यावर. "आवो पावनं! हे ऑफिस हाय!" चौघंही त्याच्याकडं धावले. सोमनाथनं आणखी एक सूर दिला, लांब, वरात निघतानाचा.

रुमालाखाली पंजा दाबला गेला. एक. दोन. तीन. चार.

बायडाबाईला वाटलं, आपली बोटंच बधिर झाली. चार पंजे? आपण आपल्या पायानं आलो, जिना चढलो, मालकाच्या दारात उभं राहिलो, तरी वीस? तिचं तोंड उघडलं होतं, पण रुमालावर बोलायचं नसतं म्हणून तिनं जीभ चावली. नुसत्या डोळ्यांनी विचारलं: का?

रविंद्रनं मोकळ्या हातानं फॉर्म तिच्याकडं फिरवला आणि वरच्या कोपऱ्यावर नख ठेवलं. तिथं एक निळा शिक्का होता. काल तिला वाटलं होतं तो कंपनीचा. नीट बघितलं तर आत राकेशचं नाव आणि नंबर. बाईनं चालत यावं की घोड्यावरून यावं, कंपनी पायांकडं बघत नव्हती, कोपऱ्याकडं बघत होती. हा फॉर्म दिला असता तर जीपभाडं तिचं आणि बैल राकेशचा!

मग त्याच नखानं रविंद्रनं ड्रॉवरमधून एक कोरा फॉर्म ओढून काढला, आणि रुमालाखाली तिच्या तळहातात आपली बंद मूठ ठेवली. घट्ट, सरळ, शंका नको अशी. पाठोपाठ एक बोट आणि वर एक पेर.

शून्य. आणि दीड वैरण. म्हणजे कार्डाखालचं सगळं खरं होतं.

बायडाबाईनं त्याची मूठ एकदा दाबली, सौदा पटला म्हणून.

"मावशी," रविंद्र सोफ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "हा फॉर्म खराब झालाय. नवा भरावा लागेल." मग आवाज खाली आणून, "ह्या कोपऱ्यात 'थेट' लिहा. मोकळा सोडू नका. मोकळ्या दावणीला कुणीही बैल बांधून जातो."

तिनं लिहिलं. चौकट लहान होती, तिचं अक्षर मोठं. 'थे' चौकटीत बसला, 'ट' निम्मा बाहेर गेला. त्यावर तिनं आणखी दोनदा गिरवलं, की आत कुणाच्या शिक्क्याला पाय ठेवायलाही जागा उरू नये. सही केली, चेक दिला, पावती घेतली, आणि ती पावती रुमालात बांधून रुमाल पुन्हा कमरेला.

सोफ्यानं मात्र तोवर शिक्का वाचून, राकेशला फोन लावून आपलं काम केलं होतं. ती जिन्यात उतरते न उतरते तोच खालून राकेश दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. टाय पाठीवर.

"मामी! माझा शिक्का!"

"तुझ्या शिक्क्याला काय धाड भरली? पहिल्या फॉर्मवर हाय तसा हाय. घे." तिनं घडी केलेला जुना फॉर्म त्याच्या हातात दिला.

"आवं घरची मानसं आशी कराया लागली तर धंदा कसा करायचा? आईला काय सांगू? तुमच्या घरी चार चकरा मारल्या म्या!"

"एक. काल. आन् त्या येळंला बी जेवून गेलास." बायडाबाई जिन्याच्या मधल्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मला एक सांग. अकराव्या पानावं काय लिव्हलंय?"

"अकराव्या?... अटी."

"तक्ता हाय. तू त्यावं तुझा फोटू लावलास."

"तिथं जागा व्हती म्हनून लावला! बारा पानं हायत, मामी, कोन वाचतंय?"

"मी. चष्मा ह्याचा, डोळं माझं, आन् वीस टक्कं तुला? माझा बाप दलालच व्हता, बाबा. मला दलालाचा राग न्हाई. पर त्यो बैलाचं दात बघायचा. तू दातावं कार्ड लावतोस." मग ती थांबली. "आन् तुजी सोताची हाय का पेन्शन?"

राकेश जिन्याच्या कठड्याकडं बघू लागला.

"बोल की."

"न्हाई."

वरच्या पायरीवर सोमनाथला इतकं हसू आलं की क्लॅरनेटनं आपोआप एक बारीक सूर काढला. बायडाबाईचंही तोंड वाकडं व्हायला लागलं होतं, पण तिनं ते सावरलं.

"आईक. दरसाल माझ्याकडं एक कागद येनार. त्यो तू वाचायचा. सगळी पानं. आदल्या साली किती, औंदा किती, वैरन दीडच कापली का पावनेदोन, त्ये मला सांगायचं. चूक धरलीस तर वर एक कोंबडी. त्याचं वर्साला दोनशे रुपये देते. रुमालावर, उघड्यावर, आईला बी दावून घे. पटतंय?"

"दोनशे?" राकेश म्हणाला. "वर्साला?"

"दात बघायचं दोनशे लई झालं. आन् ह्या थेटवाल्यातच तुजी पेन्शन बी चालू कर, येडा न्हाई तर."

राकेशनं जुन्या फॉर्मची घडी आणखी बारीक केली. सारजाबाईचं तोंड त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं असावं. "म्या आईला काय सांगू पर?" तो पुन्हा म्हणाला, पण आता आवाजात तेवढा दम नव्हता.

"सांग, मामीनं लुबाडलं. तिला लई बरं वाटंल." आणि बायडाबाईनं हात पुढं करून त्याच्या तळहाताला एक बोट लावलं.

राकेश जिन्यातच खाली बसला. "हीहीही, नका, मामी, पटलं, पटलं!"

बाहेर हायवेवर कांद्याचे ट्रक ओळीनं उभे होते, ऊन रणरणत होतं, आणि हळदीला अजून दोन तास होते. बायडाबाई अवसरीच्या जीपकडं निघाली होती. जीप भरत आलेली, एक जागा शिल्लक. तिनं एक पाय वर ठेवलासुद्धा. मग काढला.

"काय झालं?" सोमनाथनं विचारलं.

"साठीला बारा वर्सं हायत," ती म्हणाली. "आदी जमतंय का बघायला नको? बैल घ्यायच्या आदी चालवून बघत्यात."

राकेशसकट तिघं हायवेवरच्या हॉटेलात शिरले. पंख्याखालचं टेबल बायडाबाईनं स्वतः निवडलं आणि पंखा फिरतो की नाही ते आधी विचारून घेतलं. पोऱ्या आला, तिनं तीन ताटं सांगितली. ताटं आली. स्टीलची, खणाखणांची, प्रत्येक खणात काहीतरी, आणि ते सगळं दुसऱ्या कुणीतरी केलेलं. बायडाबाई बराच वेळ नुसती बघत बसली.

"मामी, खा की."

तिनं घास घेतला. चावला. सोमनाथचा जीव वरखाली. ही आता उठून भटारखान्यात जाते की काय?

"चपाती जाड हाय," ती म्हणाली. "मधी कच्ची. माझी पोरं असती तर ताट फेकून दिलं असतं." आणि दुसरा घास घेतला. तिसरा. आमटी पातळ होती, बटाट्यात मीठ जास्त होतं, लोणचं मागल्या वर्षीचं होतं, हे तिनं खाता खाता सगळं सांगून टाकलं, तोंडभर हसत सांगितलं, आणि पहिली चपाती कधी संपली ते तिलाच कळलं नाही.

ताटात चपाती नव्हती. पोऱ्या लांब गल्ल्यापाशी उभा होता. अठरा वर्षं ती पंगतीतनं जे रोज दोन वेळा ऐकत आली होती, ज्या आवाजानं तिचं डोकं उठायचं, तेच बायडाबाईनं केलं. रिकामी वाटी उचलली, टेबलावर धाडकन आपटली आणि हॉटेल दणाणून सोडलं, "ओऽ मावशीऽऽ! चपातीऽ!"

पोऱ्या दचकून वळला. सगळं हॉटेल वळलं.

"आनखी आन," बायडाबाई म्हणाली.